सरांचा फ्लॅट

कोथरूडात रीसेलचा फ्लॅट घेतला. स्टॅम्प ड्यूटी भरली, अंगठे उमटवले, वेबकॅमसमोर गुन्हेगारासारखा फोटो काढून घेतला आणि हातात इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, पडलं. एजंट म्हणाला, "अभिनंदन, घर तुमचं झालं." त्याचं कमिशन तोवर पोचलेलं असल्यामुळे त्याला तसं वाटणं साहजिक होतं.

कायद्याने घर इंडेक्स टूवर नाव असेल त्याचं. बाकीच्या जगाच्या लेखी घर त्याचं, ज्याचं नाव लाइट बिलावर. आमच्या लाइट बिलावर होते सर. म्हणजे आधीचे मालक, निवृत्त गणिताचे शिक्षक, सध्या मुक्काम मुलाकडे बेंगळुरूला.

पाइप गॅसवाल्याने विचारलं, "लाइट बिल आहे का?" नेटवाल्याने विचारलं, "लाइट बिल पाठवा." बँकेला पत्ता बदलायचा, तर लाइट बिल. रजिस्टर्ड खरेदीखताची जाडजूड फाइल पुढे केली की समोरचा माणूस ती आदराने बाजूला सरकवतो आणि म्हणतो, "हे ठीक आहे हो, पण लाइट बिल?"

तेव्हा आधी वीजवाल्यांकडे. तिथे यू फॉर्म आणि एक्स फॉर्म. यू म्हणजे नाव बदलून द्या असा माझा अर्ज. एक्सचा संबंध सरांच्या संमतीशी आणि त्यांनी भरलेल्या सुरक्षा ठेवीशी. ऑनलाइन करा, घरबसल्या होतं, असं खिडकीतल्या बाई म्हणाल्या. झालंही असतं, पण ओटीपी जाणार सरांच्या मोबाइलवर.

सर दुपारी दोन ते चार झोपतात. वेबसाइट नेमकी त्याच वेळात चालते. उठल्यावर चष्मा शोधला जातो, मग मेसेज पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचला जातो. "हा ओटीपी कोणालाही सांगू नका." इथे सर जरा थांबतात. मग, "हं, लिहून घ्या. सदतीस… एकोणनव्वद… त्रेसष्ट."

"एकोणनव्वद म्हणजे सेव्हंटी नाइन ना, सर?"

"नव्वदला एक कमी."

"मग एटी नाइन."

"मराठी शाळेत नव्हतात वाटतं?"

तोवर ओटीपीची मुदत संपलेली. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायचा पर्याय आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. सरांनी म्हणे पेपरला खरमरीत पत्र धाडलं होतं. मी तेव्हा तटस्थ होतो. आता पूर्णपणे बालभारतीच्या बाजूचा आहे.

दरम्यान मीटर तपासायला माणूस आला. पार्किंगमधल्या बोर्डावर सगळे मीटर एका रांगेत, फ्लॅट नंबर खडूने लिहिलेले, त्यातले निम्मे पुसलेले. आमच्या मीटरच्या काचेवर आतून एक पाल बसली होती. तिला उठवायचं त्याला धारिष्ट होईना, मलाही होईना. शेवटी वॉचमनने काठीने काचेवर टकटक केलं आणि लांबूनच ओरडून सांगितलं, "सरांचा मीटर हाच, साहेब!"

सोसायटीचं तुलनेने सोपं गेलं. हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, असा सरकारी नियम आहे. सेक्रेटरींना तो तोंडपाठ होता. म्हणून त्यांनी वरच्या रकमेला 'ऐच्छिक देणगी' म्हटलं. माझी इच्छा काय, हे कुणी विचारलं नाही.

मग मालमत्ता कर. पुण्यात स्वतःच्या घरात स्वतः राहत असाल तर करात 40 टक्के सवलत मिळते, पण राहतो हे दाखवायला पीटी-3 अर्ज पुराव्यांसकट भरावा लागतो. मी घरात राहत होतो, तिथल्या गळक्या नळाखाली बादली लावत होतो, शेजारच्यांचं ड्रिलिंग ऐकत होतो. पण कागदोपत्री तिथे राहत होते सर.

आणि सर खरंच राहत होते. बिलाचा मेसेज अजून त्यांनाच जायचा. एक तारीख उलटली की फोन. "या महिन्यात दोनशे चाळीस युनिट? आम्ही कधी शंभर ओलांडलं नाही. शंभराच्या पुढे दराचा टप्पा बदलतो, ठाऊक आहे ना? गीझर चालू राहतो का तुमचा?" बायको आता गीझर बंद करताना म्हणते, "करा बंद, सर ओरडतील." माझ्या वडिलांना इतकं कुणी घाबरलं नव्हतं.

अखेर नाव बदललं. नवं कोरं बिल घेऊन मी गॅसवाल्याकडे गेलो. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "आता आधारवरचा पत्ता चालतो, साहेब. बिल नको." आधारवर अजून धनकवडीचं भाड्याचं घर आहे.

त्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक बाई आणि नववीतला मुलगा, हातात बीजगणिताची वही. "सर आहेत का?" नाहीत, बेंगळुरूला असतात, म्हटलं तर मुलाचा चेहरा इतका खुलला की मला त्याच्या आईची दया आली. व्हिडिओ कॉल लावून दिला. सरांनी आधी कॅमेरा मागच्या भिंतीकडे वळवायला लावला, कॅलेंडर कुठे हलवलं ते विचारलं, मग वर्गसमीकरणं सुरू केली. बायकोने मुलाला पोहे दिले.

पुढच्या रविवारी तो दोन मित्रांना घेऊन आला.