ते फोटो आधी डिलीट करा

आज दुपारच्या खेळणी वाटपाचे फोटो ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर, फेसबुकवर, स्टेटसला टाकलेत त्यांनी ते आधी डिलीट करा. मग पुढचं वाचा. नाही वाचलंत तरी चालेल, पण फोटो डिलीट करा.

काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाताळच्या आधीचा हा शेवटचा शनिवार. इथे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसन गावात, एका संस्थेचा गरजू कुटुंबांना खेळणी द्यायचा कार्यक्रम होता आणि आपल्या मंडळातले आम्ही बरेच जण मुलाबाळांसकट मदतीला गेलो होतो. तिथूनच पुढे नाताळच्या दिव्यांच्या लाइट शोला जायचा बेत होता. सासूबाई डोंबिवलीहून आल्यात, त्यांना दाखवायचा होता. सुरुवात अगदी छान झाली. मुलांनी वयाप्रमाणे टेबलं लावली, कुठल्या खेळण्याला बॅटऱ्या लागतात ते बघून त्यांची पाकिटं वर चिकटवली. माझी लेक आणि तिच्या मैत्रिणी कागद कापून ठेवत होत्या. मग कुटुंबं यायला लागली आणि एका बाईंनी माइकवरून सांगितलं की प्रत्येक कुटुंबानं आधी स्टेजवर यायचं, स्पॉन्सरच्या हातून पिशवी घ्यायची, मागच्या बॅनरसमोर फोटो काढायचा आणि मग बाहेर पडायचं.

रांगेत एक मुलगा होता, माझ्या मुलाच्याच वयाचा. आईला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तिच्यासाठी बोलायला आलेला, धाकट्या बहिणीचा हात धरून. तो माझ्या मुलाच्या बसमध्ये असतो. दोघांची नजरानजर झाली. त्या मुलानं जाकिटाची टोपी कपाळावर ओढून घेतली. माझा मुलगा एक अक्षर न बोलता मागच्या खोलीत गेला आणि रिकामे खोके पायानं दाबून चपटे करत बसला. ते कुटुंब जाईपर्यंत बाहेर आला नाही. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि स्टेजवर त्या पोराला फोटोवाल्यानं टोपी मागे करायला लावली. वर हसायला सांगितलं.

मी त्या माइकवाल्या बाईंकडे गेले. त्यांचं म्हणणं, फोटो नसले तर पुढच्या वर्षी पैसे कोण देणार? ठीक आहे, पैसा लागतो, हे खोटं नाही. मग खेळण्यांच्या ढिगाचा फोटो घ्या, आम्हा काम करणाऱ्यांचा घ्या, स्पॉन्सरचा एकट्याचा हवा तेवढा मोठा घ्या. लहान मुलाचा चेहरा कशाला हवा?

इथपर्यंत मी गप्प बसले असते. परक्यांचा कार्यक्रम, परक्यांची पद्धत. पण लाइट शोच्या रांगेत गाडी उभी असताना आपल्या ग्रुपवर अल्बम पडायला लागला. त्या मुलाच्या फोटोखाली आपल्यातल्याच एकीनं लिहिलं होतं, "आमच्या मुलांना आज कळलं, आपण किती लकी आहोत." त्यावर पन्नास जणांचे जोडलेले हात.

माझ्या मुलांना त्यांचं नशीब कळावं म्हणून त्या पोरानं स्टेजवर चढायचं होतं का?

मला हे इतकं का लागलं ते सांगते. १९८२. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, त्यात माझे बाबा. आम्ही भायखळ्याला चाळीत राहायचो. जूनमध्ये शाळा सुरू होताना मैदानात मंडप घालून संपकऱ्यांच्या मुलांना मोफत वह्या वाटल्या. नाव पुकारून एकेकाला वर बोलावत होते. मी वर गेले, साहेबांनी वह्यांचा गठ्ठा हातात दिला. वह्यांच्या कव्हरवरही साहेबच. मी गठ्ठा छातीशी घट्ट धरला तर फोटोग्राफर म्हणाला, "बाळ, जरा खाली धर, साहेब झाकले जातायत." सगळा मंडप हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नव्हतं.

त्या वह्यांवर मी वर्षभर लिहिलं, त्या उपयोगी पडल्या, हेही लिहून टाकते, नाहीतर कोणीतरी खाली विचारेलच. आईनं सगळ्यांना खाकी कव्हरं घातली. पण दप्तरात घासून घासून कोपऱ्याशी कागद फाटायचा आणि साहेबांचा कान नाहीतर चष्म्याची काडी दिसायला लागायची. वर्गात तेवढंही पुरायचं.

म्हणून म्हणते, "त्यात काय एवढं, मुलं विसरतात" असं मला कोणी सांगू नका.

आता थोडं शांतपणे लिहिते. सासूबाई चहा ठेवून गेल्यात.

या देशात नाताळात देण्याच्या ज्या जुन्या पद्धती आहेत ना, त्यांत हा स्टेजचा प्रकार नाही. म्हणून जास्त चीड येते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं एंजल ट्री घ्या. १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला सुरू झालं. मॉलमधल्या झाडावर चिठ्ठ्या लावतात, वय, कपड्यांचं माप, काय हवंय ते. तुम्ही चिठ्ठी घ्यायची, वस्तू आणून द्यायची. ती पुढे आईबापांच्या हातात जाते आणि ते ती आपल्या घरी, आपल्या हातानं झाडाखाली ठेवतात. मुलाला वाटतं, सांता आला. पोस्टाकडे सांताच्या नावानं येणाऱ्या पत्रांना उत्तरं देण्याची प्रथा १९१२ पासूनची. आता ती पत्रं लोकांना देताना मुलाचं आडनाव, पत्ता खोडलेला असतो. दुकानाबाहेर घंटा वाजवत लाल भांडं घेऊन माणूस उभा असतो, ते १८९१ पासून, सॅन फ्रान्सिस्कोहून सुरू झालेलं. त्या भांड्यात कोणीतरी नोटेत गुंडाळून सोन्याचं नाणं टाकून जातं. तसं पहिलं नाणं इलिनॉयमधल्या क्रिस्टल लेकला सापडलं, १९८२ मध्येच. मी इकडे वह्या खाली धरत होते त्याच वर्षी. त्या देणाऱ्यांची नावं कळत नाहीत आणि त्यांना ती कळायला नकोच असतात.

अहो, सांताची गोष्टच मुळी ती आहे. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं गाव, तिथला बिशप निकोलस. एका गरीब माणसाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी रात्री लपून खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकायचा अशी दंतकथा. लपून! दिवसा बोलावून, रांगेत उभं करून दिल्या असत्या तर आज त्याचं कोणी नाव घेतलं नसतं. ज्या मुलाला तुम्ही स्टेजवर स्पॉन्सरच्या हातून पिशवी दिलीत त्याच्या घरी या गुरुवारी सांता येणार नाही. त्याच्या छोट्या बहिणीनंही बघितलं ना, पिशवीतला ट्रक कोणी दिला ते.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? आज २० डिसेंबर. गाडगेबाबांची पुण्यतिथी. सकाळीच याच ग्रुपवर त्यांचा फोटो फिरत होता, भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र वगैरे. ज्या माणसानं लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः खापरात जेवला, त्याला सकाळी नमस्कार करायचा आणि दुपारी दुसऱ्याच्या पोराच्या गरिबीचा अल्बम टाकायचा? राग येतो. लिहिता लिहिता परत येतोय.

बाबांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या वाटपाचे फोटो नाक्यावरच्या फलकावर लावले होते, गणपतीपर्यंत होते. त्यात मी होते. बाबा रोज त्या नाक्यावर उभे राहायचे, बाकीचे संपकरी तिथेच जमायचे. फोटो लागल्यावर ते मागच्या गल्लीनं ये-जा करायला लागले. घरात कधी त्यावर बोलले नाहीत. मला वह्यांवरून एक शब्द बोलले नाहीत. फक्त रस्ता बदलला.

आणि त्याच वर्षीचा नाताळ. तळमजल्यावर एक गोवेकर आंटी राहायच्या. दर वर्षी त्यांच्याकडून चाळीतल्या प्रत्येक घरी ताट यायचं, वर विणलेला पांढरा रुमाल, खाली कुलकुल, नेवऱ्या, केकचे दोन तुकडे. त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला त्या वर आल्या आणि आईला म्हणाल्या, "माझा हात दुखतो, यंदा ऑर्डर जास्त आहेत, मला कुलकुल वळायला येशील काय?" आई दुपारभर जायची. मी पण जायचे. पिठाची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या उलट्या बाजूवर अंगठ्यानं दाबून पसरायची आणि सुरळी करत सोडवायची, मग वर ओळीनं रेघा उठतात. शेवटची रेघ नीट जुळली नाही तर तेलात उघडतं. आंटी आईला आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्यायच्या, हिशेब लिहून. आणि आमच्या घरी ताट आलं ते इतर सगळ्यांसारखंच, रुमाल घालून. त्यांचा हात खरंच दुखत होता की नाही, कोणास ठाऊक. आई आजही म्हणते, दुखत होता. मला वाटतं आईचं तसं म्हणणं हेच त्या बाईचं खरं देणं होतं.

यातली एकही गोष्ट फोटोत नाही. एकही.

लाइट शो छान झाला, ते सांगायलाच हवं, कारण सासूबाई फार खूश होत्या. गाडीचे पुढचे दिवे बंद करायचे, सांगतील ते एफएम स्टेशन लावायचं आणि चालत्या माणसाच्या वेगानं बोगद्यासारख्या कमानींखालून जायचं, गाण्याच्या ठेक्यावर दिवे पळतात. त्या दोन्ही हात काचेला लावून बघत होत्या. "वीजबिल कोण भरतं गं?" हे मात्र विचारलंच. मी त्यांना सांगितलं की आपण राहतो तिथेच हे सुरू झालं. १८७९ च्या ३१ डिसेंबरला एडिसननं इथेच, मेन्लो पार्कला, आपले विजेचे दिवे लोकांना खुले केले तेव्हा ते बघायला माणसं खास गाड्यांनी आली होती. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले तेही त्याच्याच एका सहकाऱ्यानं, एडवर्ड जॉन्सननं, १८८२ मध्ये न्यूयॉर्कला, लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे. आपल्या गावाला एडिसनचं नाव १९५४ मध्ये मिळालं. दिव्यांसाठी गर्दी करण्यात वावगं काही नाही, ते बघण्यासाठीच लावलेले असतात. डायकर हाइट्सला गेलात तर बघा, ब्रुकलिनमधल्या साध्या राहत्या घरांवर लोक हौसेनं एवढं करतात की फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. काढा तिथे हवे तेवढे फोटो.

येताना आमच्याच मागच्या गल्लीत एक घर लागतं. छपरापासून ड्राइव्हवेपर्यंत दिवे, आणि पोस्टाच्या पेटीशेजारी एक मोठा प्लास्टिकचा डबा, त्यावर फूड पॅन्ट्रीसाठी, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देतात तिथल्यासाठी, म्हणून पाटी. बघा आणि वाटलं तर टाका. मुलांनी पीनट बटरच्या बरण्या आणल्या होत्या, त्या टाकल्या. घरमालक बाहेरही आला नाही. तो आत टीव्ही बघत असावा. कोणी टाकलं, किती टाकलं, त्याला माहीत नाही आणि ज्याच्या घरी ते जाईल त्यालाही नाही. माझ्या मुलानं गाडीत बसल्यावर दुपारनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "आई, सोमवारी बसमध्ये मी त्याला काही बोलू की नको?" मी म्हटलं, नेहमी जे बोलतोस तेच बोल. "आम्ही नेहमी बोलत नाही," म्हणाला. मला पुढे सुचलं नाही.

मुलांना न्यायचंच नाही का, असं कोणी विचारेल. न्या. जरूर न्या. पॅकिंगला न्या, खोके उचलायला न्या, डबे तारखेप्रमाणे लावायला न्या. मुलं कामातून शिकतात, मान्य. पण घ्यायला येणाऱ्यांच्या रांगेसमोर सांताच्या टोप्या घालून त्यांना बघत उभं करू नका.

जिनं ती लकीवाली ओळ लिहिली तिच्यावर माझा वैयक्तिक राग नाही. ती मनानं चांगली आहे, माझ्या आजारपणात महिनाभर डबा दिलाय तिनं आणि एकदाही कुठे बोलली नाही. म्हणूनच कळत नाही की तेच आज तिला का सुचलं नाही.

असो. तीन कामं आहेत.

जानेवारीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. मंडळाच्या नावानं जिथे जिथे मदत जाईल तिथे घेणाऱ्याचा फोटो निघणार नाही, असा ठराव हवा. ज्यांना पटत नाही त्यांनी मला फोन करा, खाली कमेंटमध्ये भांडू नका.

दुसरं, खेळणी जमवताना सगळे टेडी आणि गाड्या आणतात, बारा-तेराच्या पुढच्या मुलांची टेबलं रिकामी राहतात. आजही राहिली. पुढच्या वर्षी हेडफोन, फुटबॉल, बॅकपॅक, गिफ्ट कार्ड असं काही आणा.

तिसरं, नाताळ झाला की देणं आटतं आणि पॅन्ट्रीची फडताळं जानेवारीत मोकळी पडतात. भूक तेवढीच असते. डबे आणाल तर ओढून उघडता येणाऱ्या झाकणाचे आणा, ओपनर सगळ्यांकडे नसतो. तारीख उलटलेलं काहीही आणू नका. मी जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी गाडी घेऊन निघणार आहे, ज्यांचं सामान न्यायचंय त्यांनी गॅरेजबाहेर पिशवी ठेवा. पिशवीवर नाव घालू नका.

आणि तो अल्बम अजूनही दिसतोय मला. आत्ता बघितला.