स्वादाच्या सिगारेटवर बंदी आली, तर नागपूरकर काय करेल?

स्वादाच्या सिगारेटवर बंदी आणावी का, हा विषय निघाला की आमच्याकडे पानठेल्यावरचे उत्तर ठरलेले असते : "गोळीवाली बंद झाली तं साधी ओढू, अजून काय?" गोळीवाली म्हणजे फिल्टरमधली स्वादाची गोळी फोडून ओढायची सिगारेट. बंदीचे विरोधकही हेच जरा सभ्य भाषेत मांडतात. माझे म्हणणे असे की, हे उत्तर प्रामाणिक असले तरी त्यावर धोरण बेतू नये. कारण बंदीनंतर आपण काय करू, हे बंदीआधी ओढणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात जानेवारी २०१७ मध्ये मेन्थॉल, म्हणजे पुदिन्यासारख्या थंड स्वादाच्या सिगारेटवर बंदी आली, तेव्हा संशोधकांनी ती ओढणाऱ्यांना आधी आणि महिनाभरानंतर असे दोनदा विचारले. आधी जवळपास ६० टक्के लोक म्हणाले होते की आम्ही साधी ओढू. प्रत्यक्षात तसे करणारे २८ टक्क्यांच्या आसपास निघाले. सोडण्याचा प्रयत्न करू असे सुमारे १४ टक्के म्हणाले होते, केला मात्र २९ टक्क्यांनी. दुसऱ्या कुठल्या स्वादाच्या तंबाखूकडे किंवा ई-सिगारेटकडे वळू असे म्हणणारे जेमतेम ६ टक्के होते, आणि वळलेलेही २९ टक्के! पुढे देशभराच्या बंदीनंतरच्या अभ्यासात मेन्थॉलवाल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांनी सिगारेट सोडल्याचे दिसले, तर साधी ओढणाऱ्यांत हेच प्रमाण १५ टक्के होते. सुमारे एक पंचमांश लोक मात्र मेन्थॉलच ओढत राहिले, आणि ती त्यांना मुख्यतः मूळ रहिवाशांच्या राखीव वसाहतींत मिळत होती.

असे का व्हावे? मेन्थॉल केवळ चव देत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते, त्यामुळे घशाची जळजळ दबते आणि नवख्याला ठसका लागत नाही. ज्याने सुरुवातच फिल्टरमधली गोळी फोडून केली, त्याच्यासाठी साधी सिगारेट हा वेगळाच, खरखरीत अनुभव असतो. तो काही दिवस कुरकुरत ओढतो, नाहीतर दुसरी वाट शोधतो. ती वाट दाखवायला उद्योग तत्पर असतोच. युरोपीय संघात २० मे २०२० पासून मेन्थॉल सिगारेट बंद झाली, तर पाकिटात सरकवून ठेवण्याची पुदिन्याच्या वासाची कार्डे बाजारात आली आणि छोट्या सिगारला मेन्थॉलची गोळी बसवली गेली, कारण बंदी सिगारेटवर आणि हाताने वळायच्या तंबाखूवर होती, सिगारवर नव्हती.

आता नागपूरकडे येऊ. आपल्याकडे ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने बंद आहे, म्हणजे ती वाट निदान कागदावर मिटली. मग ठेल्यावर उभ्या माणसाच्या सर्वांत जवळ काय आहे? खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण. तो त्याच ठेल्यावर, त्याच हाताने घोटून मिळतो, धूर करत नाही आणि कार्यालयात टेबलाशी बसूनही चालतो. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू-सुपारीवर बंदी घातली, तरी पन्नीतला खर्रा सदरपासून सक्करदऱ्यापर्यंत उघड विकला जातो. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, ही बंदी चुकवण्याची युक्तीही तेव्हाचीच. आणि चोरून माल आणायला मध्य प्रदेशची सीमा काही दूर नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले होते. त्यामुळे स्वादाची सिगारेट सोडणारा इथे साध्या सिगारेटकडे जाईल यापेक्षा तो खर्ऱ्याकडे झुकेल, ही भीती मला अधिक वाटते. खर्ऱ्यामुळे तोंड उघडेनासे झालेले तरुण आपल्या शहरातील दंतवैद्यांना आधीच पुष्कळ दिसतात.

तरीही मी बंदीच्या बाजूने आहे. २००३ चा आपला तंबाखू कायदा जाहिरात, सार्वजनिक धूम्रपान आणि अल्पवयीनांना विक्री यांवर बोलतो. स्वादावर बंदी घालत नाही. ती उणीव भरायला हवी, मात्र सिगारेटबरोबर सुट्या गोळ्या, वासाची कार्डे आणि छोटे सिगार त्याच आदेशात आले पाहिजेत, आणि अंमलबजावणी कारखान्यापासून सुरू झाली पाहिजे. चार ठेलेवाल्यांना पकडून वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणण्याची कारवाई आपण गुटख्याच्या बाबतीत पुरेशी पाहिली आहे. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर राज्यात २०२० पासून बंदी आहे, तिचे काय झाले ते कुठल्याही चौकात उभे राहून पाहावे.

ओंटारिओच्या आकड्यांतून मला सर्वांत उपयोगाची वाटते ती पहिल्या महिन्यातील सोडण्याच्या प्रयत्नांची दुप्पट संख्या. जो माणूस आदल्या दिवशी "साधी ओढू" म्हणत होता, तोच त्या काही आठवड्यांत सोडायला तयार होतो, आणि नेमके तेव्हाच त्याला हाताशी कोणी लागते. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक आहेच. पण बंदी लागू होईल त्याच आठवड्यापासून मेडिकल व मेयो ही शहरातील दोन सरकारी रुग्णालये आणि शासकीय दंत महाविद्यालय यांच्या बाह्यरुग्ण विभागांत संध्याकाळीही समुपदेशक बसवावेत, आणि सिगारेट सोडायला आलेल्याला खर्ऱ्याविषयीही तिथेच विचारावे.