नोकरी लपवू नका, पीएफमध्ये दिसते

वाईट अनुभव आलेली नोकरी बायोडेटातून सरळ वगळा, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. मी ऐरोलीत भरतीचं काम करते. पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या (पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे नोकऱ्यांच्या नोंदीत, कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख दिसते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला, म्हणजे उमेदवाराची माहिती तपासताना, हल्ली तीच मागतात. तिथे लपवलेली नोकरी निघाली की हातातली ऑफर जाते, आणि तोवर पोरांनी जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला असतो. फार वाईट वाटतं.

पगार रखडत होता? मग तेच सांगा, एका वाक्यात. महापे, रबाळे, वागळे इस्टेट, कुठेही मुलाखत घेणाऱ्याला ही गोष्ट नवीन नसते. साहेब शिवीगाळ करत असेल तर 'तिथलं वातावरण मला मानवलं नाही' एवढं पुरे. पुढे आपण काय काम केलं त्यावर बोलावं. साहेबाचं नाव घेऊ नये.

रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवून ठेवलं असेल तर मात्र मुलाखतीतच सांगा, ऑफर आल्यावर नाही. राजीनाम्याचा ईमेल, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जवळ ठेवा. राजीनामा ऑफिसच्या ईमेलवरून दिला असेल तर प्रत स्वतःच्या ईमेलवर घ्या, नंतर लॉगिन बंद होतं. कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकलीच नाही, तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर २ महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) पोर्टलवर 'मार्क एग्झिट'मधून ती स्वतः भरता येते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.