हाताच्या नेलरने फळ्या सुटत नाहीत: खुलासा

‘कॉम्प्रेसरशिवाय, हाताच्या नेलरने ठोकलेलं लाकडी फ्लोअरिंग नागपूरच्या उन्हाळ्यात सुटतं,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

नेलर म्हणजे फळ्यांना खिळे ठोकायचं यंत्र; एक कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेवर चालतं, दुसरं हाताच्या जोरावर. दोन्ही यंत्रं फळीच्या जिभेतून (कडेला बाहेर आलेल्या पट्टीतून) साधारण ४५ अंशांत तसाच दातेरी खिळा घालतात. फरक मेहनतीचा. हाताच्या नेलरवर मोगरी जोरात बसावी लागते; ठोका हलका पडला की खिळ्याचं डोकं वर राहतं आणि पुढची फळी नीट बसत नाही. रॅचेटवाल्या (ठोक्यानंतर मागे न सरकणाऱ्या) नेलरमध्ये त्याच खिळ्यावर पुन्हा ठोकता येतं. भिंतीलगतच्या ओळींत मात्र नेलर मावत नाही, मग तो कोणताही असो.

फळ्यांमध्ये फटी पडतात त्या हवामानामुळे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी, लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. म्हणून फळ्या आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवायच्या आणि भिंतीलगत साधारण १८ मिमी जागा सोडायची. गडबडीत नेमकं हेच राहतं, अन् बोल बिचाऱ्या नेलरला! आणि हो, थेट काँक्रीटच्या स्लॅबवर हे खिळे चालत नाहीत. खाली जाड प्लायवूड हवंच.