हॅड्रियनच्या भिंतीवरचे बुरूज बघा, भिंत नंतर

इंग्लंडच्या उत्तरेतल्या, रोमन बादशहा हॅड्रियनच्या भिंतीचा विषय निघाला की रोमन नियोजनाचं कौतुक ठरलेलं. इ.स. 122 च्या सुमारास काम सुरू झालं. 80 रोमन मैल लांबी, दर मैलाला एक लहान चौकी आणि दोन चौक्यांच्या मधे दोन टेहळणी बुरूज, म्हणजे साधारण पाचशे मीटरला एक. कौतुक मलाही आहे. पण ही भिंत मला आवडते ती हा आराखडा जिथे जिथे जमिनीवर अडला आणि माणसांनी तो बदलला, त्या जागांसाठी. आणि त्या जागा सगळ्यात स्पष्ट दिसतात बुरुजांत.

बऱ्याच ठिकाणी बुरूज आधी बांधले गेले, भिंत मागून आली. भिंत दहा रोमन फूट रुंद होणार असं धरून बुरुजाच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच रुंदीचे भिंतीचे तुकडे काढून ठेवले होते. मधेच हुकूम बदलला, रुंदी कमी झाली. चेस्टर्सच्या रोमन किल्ल्याजवळच्या ब्रंटनच्या बुरुजापाशी रुंद तुकड्याला अरुंद भिंत येऊन भिडते ती पायरी आजही दिसते. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा बदललेला निर्णय दगडात इतका स्वच्छ वाचता येतो, हे मला कुठल्याही शिलालेखाइतकंच मोठं वाटतं.

पील गॅपचं तर विचारूच नका. ही एक खोलगट खिंड. ठरल्या अंतरावरचे दोन बुरूज तिच्या दोन बाजूंना, आणि मधली जागा मोकळी. मग तिथे आराखड्यात नसलेला एक जादा बुरूज उभा राहिला. 1980 च्या दशकातल्या उत्खननात तो सापडला. मैलाच्या हिशेबापेक्षा डोळ्यांना काय दिसतं हे महत्त्वाचं, असं कुणीतरी ठरवलं असणार. त्या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण बादशहाच्या नावापेक्षा मला त्याचं कुतूहल जास्त आहे.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून, भिंत कड्यावरून जाते त्या मधल्या टप्प्यातले बरेच बुरूज सैन्यानेच पाडले आणि भिंतीतल्या त्यांच्या खाचा चिणून टाकल्या. याला लोक ऱ्हास म्हणतात, ते मला पटत नाही. कड्यावर इतके बुरूज लागत नाहीत, हे तिथे पहारा केलेल्यांनाच कळणार. आणि हे पहारेकरी बहुतेक रोमचे नव्हतेच. हाउसस्टेड्सच्या किल्ल्यावरची शिबंदी आजच्या बेल्जियमकडच्या तुंग्री लोकांच्या नावाची होती. बुरुजांत चुली आणि दळायची जाती सापडतात, म्हणजे स्वयंपाक तिथेच व्हायचा.

चित्रांत हे बुरूज हमखास सपाट माथ्याचे आणि वर दातेरी कठडा असलेले दाखवतात. एकही बुरूज पूर्ण उंचीचा उरलेला नाही. छप्पर उतरतं होतं की सपाट, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तो वाद माहितीफलकावर लिहायला हवा. लोकांना तो कळतो.

हाउसस्टेड्सला गेलात तर तिथलं प्रसिद्ध रोमन शौचालय बघून परत फिरू नका. किल्ल्याच्या उत्तर तटाच्या आतल्या बाजूला एका बुरुजाचं जोतं आहे. आधी तिथे फक्त तो बुरूज होता. किल्ला भिंतीवरच बांधायचं नंतर ठरलं, आणि नवा कोरा बुरूज पाडून त्याच्यावर किल्ला उभा राहिला.