खंडूला गोल रस्ता मान्य नाही

मावशीचा कुत्रा खंडू मुंबईतल्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर जन्मला, तिथेच वाढला आणि तलावातल्या बदकांशी त्याचं जुनं वैर आहे. शिलाहारांच्या पदरी असलेल्या लक्ष्मण प्रभूंनी ११२७ साली हा तलाव बांधला, १७१५ मध्ये रामा कामतींनी तो पुन्हा उभा केला. दोघांनीही बदकांची सोय बघितली, कुत्र्यांची नाही, असं खंडूचं मत दिसतं.

मावशीचे गुडघे संपावर गेल्यामुळे रविवारी सकाळी पट्टा माझ्या हातात आला. "तीन बत्तीपर्यंत ने आणि आल्या पावली परत आण," मावशीने बजावलं. पण आल्या वाटेने परतणं मला कधीच पटलं नाही. मी मनाशी मलबार हिलची प्रदक्षिणाच आखली. पायऱ्या चढून तीन बत्ती, तिथून रिज रोडने हँगिंग गार्डन, सिरी रोडने झाडीतून खाली चौपाटी आणि वाळकेश्वर रोडने चढून पुन्हा तीन बत्ती.

तीन बत्तीच्या खांबाला खंडूने सविस्तर पोच दिली. पुढे रिज रोड. पाटीवर बा. ग. खेर मार्ग, टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून रिज रोडच. इथे खांब कमी आणि गाड्या जास्त, त्यातही खंडूची नजर नेमकी परदेशी गाड्यांच्या चाकांवर. तो पाय उचलायचा, वॉचमन केबिनमधून मान बाहेर काढायचा आणि मी हातातली काळी पिशवी सावरत समोरच्या टॉवरचे मजले मोजायचो.

या भागातली बरीच कुत्री मालकांबरोबर फिरत नाहीत, पगारी माणसांबरोबर फिरतात. दोन लॅब्राडॉर सांभाळणारा एक जण माझ्या बरोबरीने चालू लागला. खंडूकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, आणि आपुलकीने विचारलं, "कितना देते हैं?"

"पोहे," मी म्हणालो.

त्याने हळहळून मान हलवली. "छोड दो ये काम."

पाण्याच्या टाकीवर १८८१ साली वसवलेलं हँगिंग गार्डन आम्ही बाहेरूनच पाहिलं. समोरच्या कमला नेहरू पार्कातही शिरलो नाही. घरातल्या चपलांचं खंडूने काय केलंय ते आठवलं, तर त्याला म्हातारीचा बूट न दाखवलेलाच बरा.

सिरी रोड तो शेपूट उंचावून उतरला. चौपाटीला पोचलो, मी वाळकेश्वर रोडकडे वळलो आणि पट्टा ताणला गेला. मागे पाहतो तर खंडूने बैठक मारलेली. तोंड सिरी रोडकडे. घर तिकडे आहे, कारण आपण तिकडूनच आलो. वास तिकडचा आहे.

२०२० साली काही झेक संशोधकांनी शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून ती जंगलातून मालकाकडे कशी परततात ते पाहिलं. निम्म्याहून जास्त फेऱ्यांत कुत्री आपलाच माग काढत आली. काही फेऱ्यांत मात्र नवी वाट धरली आणि तिच्या सुरुवातीला बऱ्याचदा वीसेक मीटर उत्तर-दक्षिण धावून घेतलं, बहुधा पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा जुळवायला. खंडूने उत्तरेला मान वळवली तेव्हा मला आशा वाटली. तिकडे भेळवाला गाडी लावत होता.

मी बिस्किट दाखवलं. त्याने ते खाल्लं आणि पुन्हा बसला. "अरे, इकडूनसुद्धा घरीच जातं," मी भर फुटपाथवर त्याला समजावत होतो, तेव्हा जॉगिंगच्या एका आजोबांनी थांबून सल्ला दिला, "मराठीत कळत नसेल." हात दाखवून थांबवलेल्या टॅक्सीवाल्याने खंडूला पाहिलं आणि थांबल्याचं रद्द केलं. शेवटी मी त्याला उचलला. अठरा किलोंचं कुत्रं वाळकेश्वर रोडच्या चढावर पंचवीस किलोंचं होतं, आणि त्याचा ओला श्वास सगळा कानात. येणारी-जाणारी माणसं विचारायची, "लागलंय का हो बिचाऱ्याला?" बिचारा म्हणजे तो.

तीन बत्तीला खंडूचं नाक एकदम थरारलं. खांब! त्याचाच, सकाळचा! खांद्यावरून उडी मारून त्याने जी धाव घेतली, ती पायऱ्या, गल्ली, बदकांवर एक ओझरती भुंक आणि थेट मावशीचं दार. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला घामाने निथळत मी.

दारात मावशीबरोबर शेजारच्या काकू उभ्या होत्या. "बघा हो," काकू कौतुकाने म्हणाल्या, "किती हुशार! बरोबर घरी घेऊन आला ह्याला."

मावशीने बशीभर पोहे पुढे केले. खंडूच्या.