दोष नेहमी बीजाचाच नसतो

आयव्हीएफ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचा उपचार) फसलं की कारण स्त्रीबीजाची प्रत आणि वय, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. मी भ्रूणप्रयोगशाळेत काम करते, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. डिशमधले माध्यमाचे, म्हणजे भ्रूण ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवाचे, थेंब सुकू नयेत म्हणून त्यांवर खनिज तेलाचा थर देतात. हे तेल उजेडात, उष्णतेत राहिलं की त्यात पेरॉक्साइड (तेल खराब होताना तयार होणारं रसायन) वाढतं आणि ते भ्रूणाला मारक ठरतं. दिसायला तेल तसंच नितळ! उंदराच्या भ्रूणांवर तेलाची बॅच तपासलेली असते खरी, पण ती कारखान्यातून निघताना. आमच्याकडे एकदा तेलाची बाटली खिडकीजवळच्या फडताळात राहिली. त्या आठवड्यातले भ्रूण तिसऱ्या दिवशीच वाढायचे थांबले. बाटली बदलल्यावर पुढचे भ्रूण पुन्हा नीट वाढू लागले. त्या आठवड्यातल्या जोडप्यांना मात्र ‘बीज कमकुवत’ असंच सांगितलं गेलं होतं. ते मला अजून सलतं.